रॉकेलच्या वासाची भाकरी

सुनेनं आज स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं आणि त्या वासासरशी मला नाशिकची खतीजा आठवली. पस्तीस-छत्तीस साल असेल, आम्ही शेजारणी होतो. तिचा नवरा मुंबई बंदरावर बोटीतून आलेलं रॉकेल डब्यांत भरायचा. ईदेला घरी येताना त्यानं रिकाम्या डब्याला झाकण-कडी लावून तिच्यासाठी पिठाचा डबा करून आणला. माझा नुसता जळफळाट झाला. माझ्या नवऱ्यानं कधी साधी चाळणी आणली नव्हती.

पुढे तिच्याकडे भाकरी खाल्ली, तर तिला रॉकेलचा वास! मला मनातून बरंच वाटलं.

"अगं, डबा राखेनं घास की," मी म्हटलं.

"नको गं. ते आले की घरात हाच वास असतो," खतीजा म्हणाली.

माझा नवरा जन्मभर घरातच होता. त्याच्या अंगाला कसला वास यायचा, मला आठवत नाही.