परड्यात बदकं आली आणि आबा कुजबुजले

मंडळी, आमच्या आबांचा आवाज तीन गल्ल्या पलीकडं ऐकू जातो. आज सकाळी तेच आबा माझ्या कानात कुजबुजले, "घरामागं परड्यात बघ. हळू."

म्हशीच्या हौदाचं पाणी सांडून झालेल्या डबक्यात दोन रानबदकं! बाजूला एक बगळा. आम्ही बापलेक श्वास रोखून बसलो.

तेवढ्यात शेजारचे तानाजीकाका कुंपणापलीकडनं हळूच म्हणाले, "आबा, बदकं हायत व्हय?"

"तान्या, हळू बोल की रं!" आबा गरजले.

बदकं गेली. बगळाही गेला.

आता आबा पाईप लावून डबकं भरतायत आणि सकाळपासून घरातसुद्धा हळू बोलतायत. आईनं मला बाजूला घेऊन बजावलंय, "डबकं आटू द्यायचं न्हाय."

तुमच्या घरी कुणासाठी बदकं पाठवू?