टेबलाखालची तपासणी

फिनेलचा वास आला की मला खालापूरच्या शिबिरातलं ते लोखंडी टेबल आठवतं. आमची लेक स्वमग्न असावी असं आम्हाला वाटत होतं, पण "बोलेल हळूहळू" म्हणत शाळा तिची तपासणी सारखी पुढे ढकलत होती, आणि तपासणीशिवाय विशेष शिक्षिका मिळत नव्हती. शेवटी शिबिरात नंबर लागला, तर पंख्याची खडखड आणि पोरांचा गलका ऐकून ती कान झाकून टेबलाखाली शिरली. "सहकार्य करत नाही, पुढच्या वर्षी आणा," तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या. बायकोने पदर खोचला आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर लेकीशेजारी बसकण मारली. "मॅडम, ती वर येणार नाय. तिला सगळं कळतं, तुमीच खाली या." मॅडम थबकल्या, मग ठोकळे घेऊन खरंच खाली बसल्या. लेकीने कानावरचा एक हात काढला आणि लाल ठोकळा उचलला. रांगेतल्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी बायको! हल्ली रविवारी घरची फरशी मी पुसतो. टेबलाखाली पोचलो की लेक येऊन शेजारी बसते. "मी काय आता खाली येणार नाय हां," बायको ओट्यापासून ओरडते, आणि येते.