डाळिंबी साडी आणि माझी घाई

गेल्या महिन्यात आठ दिवस कोल्हापूरला घरी गेलतो, दोन वर्षांनी. आणि तिसऱ्याच दिवशी आईच्या हातातलं काम बिघडवून ठेवलं...

माझी आई घरीच रेशमी साड्या रंगवून देते. आधी माझे वडील, आण्णा, रंगवायचे, ते गेल्यावर आईनं पातेलं सोडलं नाही. मी आठवीतनं शाळा सोडली, थोडे दिवस तिच्या हाताखाली टिकलो आणि मग पळालो. पुणे झालं, सुरत झालं, आता लुधियानात कापड रंगवायच्या कारखान्यात आहे. माझं बूड एका जागी टिकत नाही, हे सगळ्यांना माहीतच आहे.

लहानपणी आमच्याकडं आज कुठला रंग शिजतोय ते दारातली गटार बघून गल्लीला कळायचं. समोरची मावशी तिथनंच ओरडायची, "आज हिरवा व्हय गं?" माझी नखं कधी जांभळी, कधी पिवळी. शाळेत हात लपवायचो... आता हातमोजे घालून काम करतो, नखं स्वच्छ असतात, आणि उगाच त्या रंगीत नखांची आठवण येते.

तर, शिरोळच्या एक काकू साडी घेऊन आल्या होत्या. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा ट्रंकेत राहिलेली साडी, सगळीकडं डाग. त्यांच्या आईची म्हणून एवढी एकच वस्तू उरलेली, आणि पोरीला लग्नात तीच नेसवायची होती. "रंग तोच पायजे बघा, आईचा," एवढंच बोलल्या.

आईनं साडी उलटी केली आणि खालचा फॉल उसवला. फॉलच्या आड ऊन लागत नाही, त्यामुळं तिथं मूळचा रंग टिकून राहतो. एका कोपऱ्यात डाग पोचले नव्हते, तिथला नखाएवढा तुकडा तिनं कापून ठेवला... गर्द डाळिंबी. मग दोन दिवस साडीचे डाग आणि जुना रंग उतरवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दारातल्या उजेडात बसली. तीन वाट्यांत रंग कालवले, रेशमाचे धागे बुडवले, वाळवले, त्या तुकड्याला लावून बघितले. परत कालवले, परत वाळवले. ओला रंग गडद दिसतो, खरा कळतो तो वाळल्यावर... मला काय धीर धरवंना.

म्हटलं, "आई, आमच्याकडं कॉम्प्युटर दोन मिनिटांत शेड काढतो."

"मग त्यालाच सांग की भाकरी थापाय," ती मान वर न करता म्हणाली.

शेवटी रंग जमला. पाणी तापत ठेवलं आणि व्हिनेगर संपलंय म्हणून आई दुकानात गेली. जाताना म्हणाली, मी आल्यावर साडी सोडू. मी पातेल्याकडं बघत बसलो. पाणी तापलं, रंगही पाण्यात पडला होता... मग कशाला थांबायचं? उचलली साडी आणि सोडली.

कोरडीच.

रेशीम आधी साध्या पाण्यात भिजवून मगच रंगात घालायचं, हे मी सात वर्षांचा असताना शिकलेलो. पण कारखान्यात मशीन स्वतःच कापड भिजवतं, मी फक्त बटण दाबतो. दोन मिनिटांत साडीवर ढगासारखे डाग दिसायला लागले.

आई बाटली घेऊन दारात उभी. पातेल्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं. "भिजवली न्हाईस न्हवं?"

मी घाईनं बाटली घ्यायला गेलो तर तिनं हात मागं घेतला. "आत्ता न्हाय. ह्यानं रंग पक्का बसतो, मग डाग बी पक्कं बसतील. जाळ बारीक कर आणि काठी घे. आता हात थांबवायचा न्हाय."

दोन तास आम्ही दोघं दोन काठ्यांनी ती साडी फिरवत होतो. खिशात फोन वाजत होता, वाजू दिला. हळूहळू गडद जागचा रंग सुटून फिक्या जागी जायला लागला. सगळं एकसारखं झालं तेव्हा आईनं व्हिनेगर घातलं.

धुतल्यावर शेवटच्या पाण्यातही तिनं थोडं घातलं, साडी मुठीत दाबली आणि कानाजवळ नेली. करकर वाजली. "रेशीम बोललं," ती म्हणाली. आण्णा असंच म्हणायचे...

मग अंगणात ओली साडी दोन्हीकडनं ताणून धरली. वाळेपर्यंत दोघांनी धरायची, म्हणजे सुरकुती राहत नाही. मी नसतो तेव्हा आई दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधते. हे मला त्या दिवशी कळलं.

साडी वाळली. डाग एकही नव्हता. पण इतका वेळ रंगात राहिल्यामुळं त्या तुकड्यापेक्षा थोडी गडद झाली होती.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. तुकडा साडीवर ठेवून किती तरी वेळ बघत राहिल्या. "जरा गडद झालीया व्हय?"

"व्हय. माझा अंदाज चुकला," आई म्हणाली. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून गिऱ्हाइकापुढं हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. तिला सगळे तिच्या अंदाजासाठीच तर शोधत येतात...

मला राहवलं नाही. "न्हाय काकू. आईचा रंग बरोबर होता. साडी मी न भिजवता घातली."

काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. साडी उचलून गालाला लावली. डोळे पुसले. "पाण्यानं नेली हुती ती. जरा गडद होऊन आली म्हणून काय परत पाठवू व्हय?" आणि मला म्हणाल्या, "आणि तू रं पावण्या, आईजवळ जरा ऱ्हाऊन शिक की नीट!"

आता परत लुधियानात आहे. आईनं माझ्यासाठी बोल स्वतःवर घेतला होता, तो मी तिच्यावर राहू दिला नाही, याचं बरं वाटतं. आयुष्यात फार थोड्या गोष्टी नीट केल्यात मी... त्यातली ही एक.