भूगोलात बांगडा

आता कसं सांगू तुम्हाला, मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोरीची दहावी बुडवायला निघालो होतो. दारू पिऊन नाय हां. चांगला शुद्धीत.

घाटकोपरच्या एका शाळेत मी शिपाई. माझं शिक्षण विचारू नका, चौथीत दोनदा बसलो आणि उठलो. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आमची सुरेखा त्याच शाळेत दहावीला. आमच्या खानदानात तिथपर्यंत पोचलेली पहिलीच. पण शाळेचा कायदा कसा, सहामाहीत जो नापास, त्याचा बोर्डाचा फॉर्म भरायचाच नाय. शाळेचा निकाल शंभर टक्के लागायला पाहिजे ना!

भूगोलाला पेडणेकर सर. पोरं म्हणायची, सर पेपर वाचत नाहीत, पानं मोजतात. मला काय ते खरं वाटेना. आणि माझी खोड अशी, स्वतः खात्री केल्याशिवाय चैन पडत नाय. पेपरांचा गठ्ठा सरांकडे पोचवायचं काम माझंच. वर्गात पोरं बावन्न. मी त्रेपन्नावा पेपर घुसवला. नाव टाकलं, पांडू बांगडे. आत आठ पानं भरून बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते. लिहायला तीन दिवस लागले, बोटं सुजली.

गठ्ठा परत आला. बघतो तर काय, पांडू बांगडे, शंभरात एकसष्ट!

अहो, फर्स्ट क्लास! चौथी नापास माणूस दहावीच्या भूगोलात फर्स्ट क्लास! मला दरदरून घाम फुटला. मग हसू आवरेना. पेपर घेऊन तडक मोठ्या बाईंकडे गेलो. वाटलं, बाई पोट धरून हसतील, वर चहा सांगतील.

बाई हसल्याच नाहीत. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, अख्खा गठ्ठा आणा. दोन दिवस बसून सगळे पेपर परत तपासले. बावन्नातले एकोणीस आडवे. त्यांची यादी नोटीस बोर्डावर लावायला दिली कोणाला? मलाच. अक्षर अक्षर जुळवत वाचत होतो. सातव्या नावावर आलो आणि टाचणी हातातच राहिली.

सुरेखा.

धावलो बाईंकडे. "बाई, काहीतरी चुकलंय. तिला चव्वेचाळीस होते."

बाईंनी तिचा पेपर माझ्यापुढे उघडला. पहिली दोन पानं बरोबर. पुढची चार म्हणजे तीच दोन पानं, परत परत.

"मामा, ही गोदावरी तिसऱ्यांदा त्र्यंबकेश्वरहून निघाली," बाई म्हणाल्या. "तुमच्यात निदान बांगडा पुढे तरी सरकतो."

सगळी पोरं सरांना ओळखून होती आणि गुपचूप पास होत होती. खात्री करायला मीच एक शहाणा निघालो.

घरी सुरेखा एवढंच बोलली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं, बाबा?" मग तीन आठवडे एक शब्द नाय. बाईंनी एकोणीस जणांची परत परीक्षा ठेवली होती. पोरगी जेवताना पण पुस्तक सोडेना. मी वाढायला गेलो तरी ताट सरकवून घ्यायची.

बावन्न मार्क पडले तिला. या वेळी खरे, बाईंनी स्वतः वाचून दिलेले.

फॉर्म मिळाला. पालकाची सही पाहिजे होती. तिने फॉर्म माझ्यापुढे ठेवला, पण हात काय उचलेना. जेमतेम सहीपुरती जागा उघडी ठेवली.

"बाबा," ती म्हणाली, "नुसती सही करा. बाकी काय लिहू नका."