पायऱ्यांवरचे जोडे

आमच्या घरात देवच नव्हते, तर भुतं कुठून असणार? बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उचलून नदीत सोडला होता. पुढे मी नर्स झाले, शवागाराला लागून असलेल्या वॉर्डात कितीतरी ड्युट्या काढल्या, कधी अंगावर काटा आला नाही. त्यामुळे खाली जे लिहितेय ते श्रद्धेनं लिहितेय असं कुणी समजू नये. घडलं तसं लिहितेय, एवढंच.

साल अठ्ठ्याहत्तर. परभणीहून पिंगळीच्या अंगाला आमचं गाव. नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथंच राहतात. गावापासून कोसभरावर, रस्त्याला लागून एक छोटा गुरुद्वारा होता. पत्र्याची एक मोठी खोली, मागं लंगरचं स्वयंपाकघर, पुढं पाच पायऱ्या. त्या पायऱ्या माझ्या बाबांनी घातलेल्या. बाबा गवंडी होते. काम चालू होतं तेव्हा ग्यानीजी त्यांना रोज पंगतीत बसवून जेवू घालायचे. बाबा पहिल्या दिवशी घरी आले आणि आईला म्हणाले, "आगं, पाटलाच्या भावकीतला रंगनाथ माझ्या मांडीला मांडी लावून जेवला. उठला न्हाई."

तेव्हापासून वैशाखीला आमचा अख्खा बौद्धवाडा लंगरला जायचा. ग्यानीजींच्या बायकोला आम्ही सगळ्या चाची म्हणायचो. मी सतरा वर्षांची होते, चाचीसोबत पोळ्या लाटायचे. गावातले लोकही यायचे. शेजारी कोण बसलंय हे तिथं कुणी विचारत नसे.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आठ दिवसांत सगळं फिरलं.

ते दुपारी आले. आई ज्वारी निवडत होती. आधी दगड आले — पत्र्यावर, दारावर. मग रॉकेलचा वास. मी बाहेर पाहिलं तर तीस-चाळीस माणसं, आणि त्यातली एकूणएक ओळखीची! शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसणारा एक होता त्यात.

किसनकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, हात जोडून पुढं गेला. "दादा, लेकरं हाईत घरात. आमी जातो ना गाव सोडून..."

रंगनाथनं कुऱ्हाड घातली. एकदा मानेवर. काका गुडघ्यावर बसला, जणू काही विचारतोय असा वर बघत राहिला. मग दुसरा घाव. तो आवाज मी कसा लिहू? पुढे नोकरीत ऑपरेशन थिएटरमध्ये सुद्धा मी हाडावर हत्यार पडताना कान दाबून घ्यायचे. सगळे हसायचे.

बाबा धावले तर त्यांच्या हातावर लोखंडी पहार बसली. हात कोपरापासून लोंबायला लागला. आई ओरडली, "त्याला सोडा आता, तो गेला! लेकरं घ्या!" आणि आम्ही मागच्या भिंतीवरून उड्या टाकल्या. पायात कुणाच्याच काही नव्हतं. मागं वळून पाहिलं तर अख्खा वाडा पेटलेला, आणि दावणीला बांधलेली आमची शेळी जळताना ओरडत होती.

ज्वारीच्या रानातल्या चिखलातून पळत आम्ही गुरुद्वाऱ्याशी पोहोचलो. अठरा माणसं, त्यात सात लेकरं. ग्यानीजी पायऱ्यांवरच उभे होते, धूर बघत. बाबा बोलायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं. "अंदर चलो पहले. बातां बाद में."

चाचीनं बाबांचा हात फळीला बांधला. तेवढ्यात रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला. आमचा माग काढत ते आले होते.

आईनं ग्यानीजींचे पाय धरले. "दार लावा हो! कडी घाला!"

ग्यानीजी साठीचे, अंगानं किरकोळ. ते म्हणाले, "बेटी, गुरुघर का दरवाजा बंद नै होता." आत जाऊन त्यांनी तलवार घेतली आणि उघड्या दारात जाऊन उभे राहिले. एकटे. मी त्यांच्या मागं, दोन हातांवर, लहान भावाचं तोंड दाबून बसलेली. दारातून पायऱ्या मला स्वच्छ दिसत होत्या. पाचही. उजेड भरपूर होता, पाऊस नव्हता. सगळ्यात वरच्या पायरीवर ग्यानीजींच्या चपला होत्या, बाकी पायऱ्या मोकळ्या.

जमाव पायऱ्यांशी आला. पुढं रंगनाथ. कुऱ्हाडीचं पातं अजून ओलं होतं. त्यानं पाय उचलला... आणि तसाच थांबला. ग्यानीजींकडे नाही, तलवारीकडेही नाही, तो खाली पायऱ्यांकडे बघत होता. पाय हवेत धरून जरा डावीकडे नेला, मग उजवीकडे. पाऊल ठेवायला जागा शोधावी तसा. मागचेही खालीच बघत होते.

कुणीतरी म्हणालं, "आत लय मानसं हाईत रे..."

"गप ना. उगं मरायलाव का? चला माघारी."

आणि ते गेले! चालत नाही, अक्षरशः पळत. ग्यानीजींनी तलवार उगारलीही नव्हती. जमाव गेल्यावर मात्र त्यांनी तलवार खाली ठेवली आणि ते दाराच्या चौकटीला धरून बसले. "क्या हुआ इनकू?" चाचीला विचारत होते. चाचीलाही कळलं नव्हतं.

पुढचे दोन महिने आम्ही तिथंच राहिलो. गावात परत कधीच गेलो नाही. किसनकाकाचं जळालेलं शरीर पोलिसांनी बाबांना दाखवलं, ओळख पटली ती त्याच्या पुढच्या मोडक्या दातावरून. खटला उभा राहिला, पण आमच्याशिवाय साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. सगळे सुटले.

ज्या हिवाळ्यात शेवटी विद्यापीठाचं नाव बदललं, त्याच हिवाळ्यात माझ्या वॉर्डात दम्याचा एक पेशंट आला. रंगनाथ. मी लगेच ओळखलं, त्यानं मला नाही. चार दिवस मी त्याला औषध दिलं. पाचव्या दिवशी राहवेना. मी कोण ते सांगितलं.

तो भिंतीकडे तोंड करून पडला. मग तसाच भिंतीकडे बघत म्हणाला, "एक इचारू का सिस्टर? त्या दिवशी आत किती सरदार होते?"

"एक. आणि त्यांची बायको."

"खोटं बोलू नका. पायऱ्या भरल्या होत्या जोड्यांनी. खालपस्तोर. एकावर एक. दोन-चारशे तरी असतील. वल्ले, चिखलाचे... नुकतेच काढल्यावानी. पाय ठिवायला जागा नव्हती मला."

मी म्हटलं, "आम्ही अनवाणी आलो होतो. ग्यानीजींच्या चपला सोडल्या तर पायऱ्यांवर काहीच नव्हतं, मी बघत होते."

त्याला जोरात धाप लागली. मी ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलानं त्याला घरी नेलं, पुन्हा दिसला नाही.

माझे मिस्टर म्हणतात, तलवार बघून घाबरले असतील, लाज वाटली म्हणून नंतर गोष्ट रचली असेल. असेल. पण हवेत धरलेला तो पाय मी स्वतः पाहिला आहे. ग्यानीजी तर वारेपर्यंत एवढंच म्हणत, "संगत आई होगी." म्हणजे गुरुघरची भाविक मंडळी आली असतील. मला ते मानता येत नाही. कारण मानलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो — एवढी दोन-चारशे माणसं निघालीच होती, तर ती तासभर आधी आमच्या वाड्यात का नाही आली? किसनकाका हात जोडून उभा होता तेव्हा?