सगळ्यांना मंगळ

"अरे, तू अख्ख्या गावाला मंगळ लावून ठेवलास!" वधूवर मंडळाच्या सुलभाकाकू फोनवर इतक्या ओरडत होत्या की माझ्या चहावरची साय थरथरली.

त्यांची वेबसाइट मी एका चिमुकल्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार चौकटीवर, उभी केली आहे. स्थळाच्या कार्डाचा एकच कंपोनंट, म्हणजे साचा. त्यात ज्याची त्याची माहिती ओतली की झालं. काल वैशाली नावाच्या मुलीचा मंगळ तिच्या माहितीत लिहायचा, तर दमलेल्या डोळ्यांनी मी तो साच्यातच लिहिला. नवग्रहांना युगानुयुगे जमलं नाही ते मी एका ओळीत करून दाखवलं.

ती ओळ काढता काढता कार्डं बघत बसलो. शाळा, दवाखाने, लग्नाळू माणसं, सगळ्यांना वर्षानुवर्षं मी याच चौकटीत बसवत आलोय. उंची, शिक्षण, अपेक्षा 'अनुरूप'. आता माझाही चेहरा चौकोनी झालाय. दाढी करताना कोपरे लागतात. आणि इतक्या सारख्या कार्डांतही एका ओळीच्या फरकानं माणूस मागे राहतो.

"वैशालीसाठी आज दोन फोन आले," काकू जरा निवळल्या. "चार वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांनाच मंगळ म्हटल्यावर तिचा कोण बघतंय!"

मी हळूच विचारलं, "मग तिच्या कार्डावर ती ओळ नकोच घालू का?"

"घाल," काकू म्हणाल्या. "तिनंच लिहायला सांगितलंय."