डाव्या हाताने वाढलेली भाकरी

महादेवी काल गेली, आणि सकाळपासून सगळे माझी अक्कल तिच्या नावावर फॉरवर्ड करतायत.

"मी हा सिनेमा पडद्याच्या मागून पाहिला."

हे तिचं गाजलेलं वाक्य. तिच्या विद्यार्थ्यांनी तिच्या फोटोवर छापलंय. खाली फुलं, हात जोडलेले. किती खोल विचार, म्हणे.

खोल काही नाही. ती खरोखरच पडद्याच्या मागे बसली होती.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. कॉलेजात आमचे इंग्रजीचे सर दर शनिवारी एकेकाला उभं करायचे. गाजलेल्या सिनेमातला एकच सीन घ्यायचा आणि तो का लक्षात राहतो ते सांगायचं, मराठीतही चालायचं. सर्वांत चांगलं सांगेल तो पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेला.

मी कॉन्व्हेंटची. सिनेमे बाल्कनीत बसून पाहिलेली. पुणं माझंच होतं.

महादेवी कुंभारीहून एसटीने यायची. घरी कानडी, बाहेर मराठी, इंग्रजी देवाच्या भरवशावर.

दोघींनी नेमका एकच सीन निवडला. तिचा नंबर आधी आला.

शहरात दुसरी बाई ठेवलेला नवरा दहा वर्षांनी गावी परततो. बायको पाट ठेवते. ताट मांडते, भाकरी वाढते, म्हणते, "जेवा." एवढाच सीन. शेवटी ती घर सोडून जाते, पण ते फार पुढे.

महादेवी म्हणाली, "ती भाकरी डाव्या हातानं वाढती. आपल्यात डाव्या हातानं कोण वाढतं का? तोंड 'जेवा' म्हणतंय, हात 'उठा' म्हणतोय. ती घर सोडणार, हे तितंच कळतं."

वर्गभर टाळ्या. सरांनी चष्मा काढून पुसला.

नंतर मी माझी चार पानं वाचली. त्यात काय होतं, आज मलाही आठवत नाही.

पण डावा हात? तो सीन मला पाठ होता. त्याच आठवड्यात सिनेमा मॅटिनीला परत लागला होता. एकटी जाऊन पाहून आले.

उजवा हात. स्वच्छ उजवा.

दुसऱ्या दिवशी तिला एसटी स्टँडवर गाठलं.

"महादेवी, तू हा सिनेमा पाहिलाच नाहीस."

"पाह्यलाय की! आमच्या जत्रेत, तंबूत."

"मग डावा हात कुठून आला?"

"डावाच व्हता की. म्होरंच बसले व्हते मी."

"पुढे म्हणजे कुठे?"

"बायकांच्यात. मधी पडदा, अलीकडं गडी, पलीकडं बाया. मागनं बी झ्याक दिसतंय."

मला इतका आनंद आयुष्यात क्वचितच झाला असेल.

"मूर्ख मुली, मागून सगळं उलटं दिसतं!"

"सुरवातीची नावं उलटी दिसतात, ते ठावं हाय. पण माणसं बी उलटी व्हत्यात व्हय?"

तिने आपले दोन्ही हात समोर धरले. एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. आणि एवढी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला.

मग डोळे पुसत म्हणाली, "जा, सांग सरास्नी. पुण्याला तूच जा, बाई."

मी सांगितलं. हो, सांगितलं. चूक ती चूक.

सर म्हणाले, "असं? आता तर तिलाच पाठवणार. तू राखीव म्हणून जा."

राखीव!

पुण्यात मी दुसऱ्या रांगेत बसले. महादेवी स्टेजवर गेली आणि सुरुवातच केली, "मी हा सिनेमा पडद्याच्या मागून पाहिला. तो उजवा हात होता, हे मला माझ्या मैत्रिणीनं सांगितलं. ती हितं बसलीय."

आणि माझ्याकडे हात केला. सगळं सभागृह माझ्याकडे वळून टाळ्या वाजवत होतं.

मैत्रीण? कोण मैत्रीण? मी तिला पाडायला निघाले होते.

पहिलं बक्षीस तिला.

पुढे ती शाळेत शिक्षिका झाली. पोरांना सिनेमा बघायला शिकवलं, प्रत्येक बॅचला ही गोष्ट सांगितली. मी बँकेत नोटांना टाचण्या मारल्या. आज त्या पोरांच्या पोस्टमध्ये तिचं पहिलं वाक्य आहे. पुढचं गळालंय.

मला त्याचाच राग आलाय. खोटं कशाला बोलू?

दुपारी तो सीन फोनवर शोधला. उजवाच हात. मीच बरोबर.

मग फोन ड्रेसिंग टेबलच्या आरशासमोर धरला.

डावा हात. भाकरी. "जेवा."

आणि मला तिथेच कळलं, ही बाई आता या घरात राहत नाही.

इतक्या वर्षांत, इतक्यांदा पाहून, पहिल्यांदा.

महादेवी, तुझ्या पोरांनी गाळलेलं वाक्य मी परत लिहून ठेवते. तो उजवा हात होता, हे तुला तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं.

ती इथं बसलीय.

नमस्कार घे, बाई.